विमानाची चाल पाहणारे मोठेबाबा

मोठेबाबा कुणाकडेही बघताना आधी पायांकडे बघत. माणूस असो, बैल असो, नाहीतर कुणी दारात आणून उभी केलेली नवी मोटारसायकल असो, त्यांची नजर खालून वर चढायची आणि तोंडापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागायचा. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळं घर मुलाची नोकरी, शिक्षण, शेती विचारण्यात गुंतलं होतं. हे मात्र खांबाला टेकून, तो मुलगा चपला काढून आत कसा येतो ते न्याहाळत बसले होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोरगा टाच घासत नाई. घरात कटकट करणार नाई थो." लग्न ठरलं. बहीण सुखात आहे. आपण कोणत्या परीक्षेत पास झालो ते मेहुण्यांना आजतागायत माहीत नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वाशिमकडच्या अनसिंगपासून थोडं आत, नाल्याच्या काठी आमचा भाजीचा मळा. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, फुलगोबी, आणि वरच्या कोरडवाहू तुकड्यात सोयाबीन अन् तूर. पण मोठेबाबांचं नाव भाजीमुळे झालेलं नव्हतं, ते झालं होतं बैलांमुळे. आसपासच्या गावांत कुणाला जोडी घ्यायची असली की तो आदल्या दिवशी येऊन आमच्या ओट्यावर बसायचा आणि दुसऱ्या दिवशी मोठेबाबांना सोबत घेऊनच बाजाराला जायचा. बाकीचे लोक बैलाचं तोंड उघडून दात मोजत, वशिंडावर थाप मारत. मोठेबाबा बैलाला नुसता वीस पावलं चालवायला सांगत आणि मागून बघत. मग होय किंवा नाही. एकदा मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सख्ख्या भावानेच किन्हीराजाहून बैल विकायला आणला होता. गिऱ्हाइकाने मोठेबाबांना विचारलं, आणि यांनी मेहुण्याच्या तोंडावर सांगितलं की मागचा उजवा पाय ओढतो. मोठी आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. यांचं उत्तर ठरलेलं होतं. डोळ्याले दिसलं तं दिसलं म्हणा लागते.

त्या बाजाराची एक रीत होती, ती इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिच्याशीच माझी गाठ आहे. सौदा तोंडाने बोलायचा नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वर दुपट्टा टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोलतात. बाहेर उभ्या असलेल्यांना नुसता कापडाचा उंचवटा हलताना दिसतो. सौदा जमला तर ठीक, नाही जमला तरी आत काय बोलणं झालं ते कुणी कुणाला सांगत नाही. मोठेबाबांच्या लेखी ही रीत देवळातल्या शपथेच्या वरची होती. दुपट्ट्याखालचं बोलणं बाहेर काढणाऱ्या एका माणसाला त्यांनी जन्मभर रामराम केला नाही.

मग ट्रॅक्टर आले. हे काही एका दिवसात झालं नाही. आधी मोठ्या शेतकऱ्यांकडे, मग भाड्याने सगळ्यांकडे. ओट्यावर येऊन बसणारी माणसं कमी झाली, आणि एका वर्षी दिवाळीनंतर कुणीच आलं नाही. आमची स्वतःची जोडीसुद्धा माझ्या चुलतभावाने, म्हणजे त्यांच्याच मुलाने, विकली. मोठेबाबांनी विरोध केला नाही, फक्त त्या दिवशी ते बाजाराला गेले नाहीत. त्यांना बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. जेवताना ते कोंबड्यांच्या चालीकडे बघत बसायचे आणि मोठी आई वैतागायची.

हिवाळ्यात आमच्या मळ्याची गोबी आणि सांबार टेम्पोने नांदेडला जायचं, पहाटेच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला. चुलतभावाने वडिलांना घरात कुढत बसण्यापेक्षा बरं म्हणून टेम्पोबरोबर पाठवायला सुरुवात केली. हर्रास सकाळीच आटोपायचा, पण टेम्पोवाल्याला परतीचा माल मिळेपर्यंत दुपार व्हायची. तेवढा वेळ मोठेबाबा शहरात हिंडत. असेच एकदा ते विमानतळाच्या मागच्या अंगाला, तारेच्या कुंपणापाशी पोचले आणि एक विमान उतरताना त्यांनी पाहिलं. मी त्या वर्षी नांदेडलाच फार्मसीची पदवी घेत होते, वसतिगृहात राहत होते. त्याच दुपारी ते मला भेटायला आले, मोठ्या आईने दिलेली भाकरी आणि ठेचा माझ्या हातात ठेवला, आणि घरची खुशाली सांगायच्या आधी म्हणाले, "बाई, थे मागचे पाय आधी टेकवते. पुढचा मंग. शहाण्या जनावराची चाल हाये."

मला आधी कळेचना कोणाबद्दल बोलतायत.

त्यानंतर तीन हिवाळे आम्ही दर गुरुवारी विमानं बघितली. गुरुवारी माझे तास उशिरा सुरू व्हायचे. ते बाजारातून रिक्षाने यायचे, मला घ्यायचे आणि आम्ही कुंपणाबाहेरच्या एका बाभळीखाली जाऊन बसायचो. समोर धावपट्टी, तिच्या कडेचे दिवे, आणि धुकं असलं तर तेवढेच. एक पहारेकरी सुरुवातीला आम्हाला हुसकावून लावायचा. मोठेबाबांनी त्याला चालताना पाहिलं आणि उजव्या गुडघ्यात पाणी झालंय, दाखवून घे म्हणून सांगितलं. ते खरं निघालं. पुढे तोच आम्हाला आज विमान किती उशिरा आहे ते सांगायला येऊ लागला.

विमानं तिथे फार नव्हती. लहान, पंख्यांचं एक, आणि कधीमधी मोठं, बिनपंख्याचं. पण मोठेबाबांना तेवढी पुरत. वाऱ्याने तिरकं होऊन येणारं विमान बघून म्हणायचे, आंग एकीकडं अन् चाल एकीकडं, वारं भरलं याच्या कानात. एखादं धावपट्टीला लागून पुन्हा जरा उसळलं की म्हणायचे, बुजलं. विमान कुठून आलं, कुठे जाणार, आत कोण बसलंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मी एकदा लाडात येऊन म्हटलं की मला नोकरी लागली की तुम्हाला विमानात बसवीन. ते हसले. "बैलाची पारख करणाऱ्याले बैलावर बसा लागते काय?"

आणि पारख चारचौघांत बोलायची नाही, हेही तिथे पाळायचं होतं. म्हणजे बाभळीखाली आम्ही दोघंच, फार तर तो पहारेकरी, तरीसुद्धा विमान उतरलं की ते माझा हात धरून वर दुपट्टा टाकायचे. पाच बोटं म्हणजे उत्तम. एक म्हणजे खोड आहे. आधी ते दाबणार, मग मी माझं मत द्यायचं, आणि चुकलं तर पुढच्या गुरुवारपर्यंत मला चिडवायचे. रस्त्याने जाणारे लोक बघून हसत. मलाही पहिल्या वर्षी लाज वाटली. नंतर मी त्या गुरुवारांसाठी जगायला लागले, हे खोटं नाही. वसतिगृहात मला कुणी नव्हतं. त्या शहरात माझं आपलं म्हणून जे काही होतं ते त्या बाभळीखाली होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात काहीतरी बदललं. आधी बोटं दाबणारे मोठेबाबा आता माझ्या बोटांची वाट बघू लागले. मी चार दाबली की तेही चार. मी मुद्दाम खोटी दोन दाबली, तर त्यांचीही दोनच. विमानाचा आवाज डावीकडून यायचा, मी बोट दाखवायचे, आणि त्यांना ते समोर धावपट्टीवर आल्यावरच दिसायचं. शेजारी ठेवलेला चहाचा ग्लास ते चाचपडून शोधत. एकदा म्हणाले की दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, फार चांगली दिसतात. धुकं होतं, त्यामुळे मी म्हटलं, धुक्यामुळे दिसत असतील. पुढच्या गुरुवारी ऊन होतं आणि तरीही त्यांनी तेच सांगितलं.

मी म्हटलं, मोठेबाबा, तुम्हाला दिसत नाही. आजच्या आज डॉक्टरकडे जाऊ, इथेच शहरात डोळ्यांचे दवाखाने आहेत.

ते म्हणाले की मोतीबिंदू असेल, सगळ्यांनाच होतो. आणि मोतीबिंदू कच्चा काढत नसतात, पिकू द्यावा लागतो. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. गोबीचा गड्डा भरल्याशिवाय कापत नाहीत तसं डोळ्याचंही आहे, अशी समजूत आमच्या घरात मीही लहानपणापासून ऐकत आले होते. मी तरीही हट्ट केला. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "घरी समजलं तं टेम्पोत बसू देणार नाईत मले. पट्टी बांधून ओट्यावर बसवतीन. एवढा हिवाळा जाऊ दे, बाई. मंग तू म्हणशीन तिथं येतो."

आणि त्यांनी माझा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि माझं एक बोट दाबलं. एक हिवाळा.

मी हात काढून घेऊ शकत होते. नाही काढला. मी त्यांचं बोट उलट दाबलं, आणि सौदा झाला.

आता माझं शिक्षण काय होतं ते पुन्हा एकदा सांगते, कारण ते विसरून चालणार नाही. मी औषधं शिकत होते. त्याच जानेवारीत आमची परीक्षा होती, आणि पेपरात काचबिंदूवर प्रश्न आला. बाजूचं दिसेनासं होत जातं, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं म्हणून रोग्याच्या लक्षात येत नाही, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, गेलेली नजर परत येत नाही. हे सगळं मी नीट, क्रमाने लिहिलं. लिहिताना मला मोठेबाबा आठवले नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवले. हातातलं पेन थांबलं. मग मी स्वतःला सांगितलं की त्यांना मोतीबिंदू आहे, आणि पुढचा प्रश्न घेतला. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

हिवाळा संपायला तेव्हा पाच गुरुवार राहिले होते. पाचही आम्ही बाभळीखाली काढले. मी त्यांना तोंडाने सांगत असे, आता आलं, आता टेकलं, आता वळलं. ते माझ्या हातातला हात सोडत नसत. इतके आनंदात होते ते, की मला आपण फार चांगलं काहीतरी करतोय असं वाटायचं.

होळीनंतर ते मळ्यात विहिरीच्या कठड्याला अडखळून पडले. आत गेले नाहीत हे नशीब. चुलतभाऊ त्यांना वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याचा मला फोन आला. मोतीबिंदू नव्हताच. एक डोळा जवळपास गेलेला, दुसऱ्यात समोरचं थोडं उरलेलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. चुलतभाऊ स्वतःलाच शिव्या देत होता. म्हणत होता की बाप रोज डोळ्यासमोर असून मला दिसलं नाही. मी फोन कानाला लावून उभी होते. मला माहीत होतं, हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

सुट्टीत घरी गेले तेव्हा डोळ्यात थेंब घालायचं काम मी मागून घेतलं. पहिल्याच दिवशी थेंब घालताना मी रडायला लागले आणि म्हटलं, मोठेबाबा, मी घरी सांगायला पाहिजे होतं. त्यांनी मान वर केलेलीच ठेवली. "सौदा झालता आपला. तो उघडा करू नोको. तुह्यावर येईन सगळं." आंधळे होत चाललेले ते, आणि काळजी माझी. त्या उन्हाळ्यात रोज चार वेळा मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. उरलेली नजर थेंबांनी टिकायला हवी होती, पण उशीर इतका झाला होता की तीही सरत गेली.

पुढच्या हिवाळ्यात मी हट्टाने त्यांना पुन्हा नांदेडला नेलं. माझं शिक्षण संपलं होतं, वाशिमला एका औषधाच्या दुकानात मी नोकरीला लागले होते. एक दिवस सुट्टी काढली, गाडी केली. ते नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. त्यांच्यापेक्षा मलाच ते हवं होतं बहुधा. बाभळीखाली बसलो. धुकं दाट होतं, विमान उशिरा आलं आणि आलं ते वाईट उतरलं. चाकं टेकली, उसळलं, पुन्हा टेकलं. मी त्यांचा चेहरा बघितला. इतक्या लांब आणलेल्या माणसाला काय सांगायचं? मी दुपट्ट्याखाली हात घातला आणि पाच बोटं दाबली.

त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, "बुजलं थे. दोन खेपा आवाज आला. खोटी पारख सांगू नोको, बाई." रागावले नव्हते. दुपट्टा झटकून त्यांनी खांद्यावर घेतला आणि चला म्हणाले. परतीच्या वाटेवर हिंगोलीला चहा घेताना त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांची चौकशी केली आणि माझ्या नोकरीबद्दल समाधान व्यक्त केलं. विमानाचं नाव त्यांनी त्यानंतर कधी काढलं नाही. आकाशातून आवाज गेला तर बोलता बोलता ते थांबायचे, आवाज विरला की पुढे बोलायचे. मळ्यात गेलं की बांधावर बसून निवडलेली मेथी हाताने जुळवून जुड्या बांधायचे. ते काम त्यांना न बघता येत होतं.

दुकानात माझा एक लौकिक झाला आहे, तो त्यांच्यामुळे. साठीच्या पुढचं कुणीही आलं, खोकल्याचं औषध मागायला का असेना, मी त्याला डोळ्यांबद्दल विचारते. बाजूचं दिसतं का, दिव्याला कडी दिसतात का, डोळ्यांचा दाब कधी तपासला का. मोतीबिंदू पिकू द्यायचा आहे असं कुणी म्हणालं की माझा आवाज चढतो. मालक कुरकुरतात की गिऱ्हाइकं घाबरतात. घाबरू देत. शिरपूरच्या एका आजीबाईंना मी जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं, त्यांचा एक डोळा वाचला. त्या मला दरवर्षी बोरं आणून देतात. ती मी दुकानात वाटून टाकते.

मोठेबाबा गेल्या हिवाळ्यात गेले. छातीत कफ झाला, चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी झोपेतच. तिरडी उचलली तेव्हा मळ्यात गोबी कापायला आलेली होती. लांबलांबच्या गावांहून म्हातारी माणसं आली, ज्यांच्या जोड्या त्यांनी कधीकाळी निवडून दिल्या होत्या. प्रत्येकजण आपापल्या बैलांची नावं सांगून रडत होता. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते सांगायचं नव्हतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. मोठी आई मळ्यात मेथी उपटत होती, मी जाऊन शेजारच्या वाफ्यात बसले. तिथे बसून मी तिला सगळं सांगितलं. गुरुवार, बाभूळ, कडी, दुपट्टा, बोट. परीक्षेतला प्रश्नसुद्धा. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. मला वाटलं होतं ती मला मारेल, किंवा जवळ घेईल. यांपैकी काहीही झालं असतं तरी मला चाललं असतं.

तिचे हात थांबले नाहीत. तिने फक्त विचारलं की हे कोणत्या हिवाळ्यातलं. मी सांगितलं. ती आठवत राहिली. मुळांची माती झाडून तिने दोन जुड्या बांधल्या, तिसरी बांधायला घेतली आणि तशीच मांडीवर ठेवली.

"त्या हिवाळ्यात रोज बोलली मी त्यायले," ती म्हणाली. "चहा सांडवला का बोलली. उंबरठ्याले ठेचकाळले का बोलली. डोळे फुटले काय तुमचे, म्हनलं. पोरासमोर म्हनलं, सुनेसमोर म्हनलं. थे गप राह्यचे."

मी तिच्या मांडीवरची जुडी बांधायला घेतली.

"तुले माहीत होतं, बाई," मोठी आई म्हणाली. "मले सांगतलं असतं तं त्यायले बोलली नसती मी."